मधेच वा म्हणू नये

पुरुषोत्तमने आयुष्यात कधी भाषण केलं नव्हतं. आज अमेरिकेतल्या रेडमंडच्या मराठी मंडळात त्याला तीन कार्डं वाचून दाखवायची होती. कार्डं त्याच्या बायकोच्या, सुमित्राच्या हातची. ती इथल्या एका पाच जणांच्या गटात अकरा वर्षं गायली. चारशे-पाचशे वर्षांपूर्वीची युरोपातली गाणी आपल्या माणसांना ऐकवायचं तिने ठरवलं होतं, प्रस्तावनाही लिहून ठेवली होती. मार्चमध्ये ती गेली. एवढा कार्यक्रम तरी तिच्या मनासारखा व्हावा, इतकंच त्याला हवं होतं.

“दादा, दहा मिनिटांत आटपा,” मंडळाची सेक्रेटरी सुलेखा म्हणाली. “वडे गार होतील.”

“तुझीच मुलगी गाणार आहे ना? मग वड्यांना थांबायला सांग.”

सुलेखाची अनिका सुमित्राच्या जागी उभी होती. पुरुषोत्तमने तिकडे बघायचं टाळून पहिलं कार्ड वाचायला घेतलं.

“ही गाणी देवाची नाहीत. प्रेमाची, पाखरांची, चावटपणाची आहेत. जेवणं झाली की माणसं टेबलाभोवती बसून आपल्यापुरती गायची. आज साथीला काही नाही, नुसते गळे. एक गळा पुढे निघतो, दुसरा तेच म्हणत त्याच्या मागे धावतो. कोथिंबीर, अर्धा गॅलन दूध.”

हॉल हसला. त्याने कार्ड नीट पाहिलं.

“हे गाण्यात नाही,” तो म्हणाला. “हे मी आणायचं होतं. विसरलो होतो.”

दुसरं कार्ड. “शब्दांत डोंगर आला की सूर चढतात. उसासा आला की गाणारे श्वास तोडतात. तिथे गाणं संपलं असं समजू नका. फा ला ला आलं तर अर्थ शोधू नका. तराण्यात शोधता का?”

तिसऱ्यावर दोनच ओळी होत्या. “मधेच वा म्हणू नये, गाणारे बिचकतात. हे खास पुरुषोत्तमसाठी.”

आता हॉल पोट धरून हसला. सगळ्यांना ती गोष्ट माहीत होती. तिच्या पहिल्याच कार्यक्रमात, लायब्ररीत, उसाशाच्या जागी तो जोरात “वा, क्या बात है” म्हणाला होता. पाचही जण थांबले, एकाने तर सॉरी म्हटलं. घरी येईपर्यंत सुमित्रा गाडीत बोलली नाही. त्यानंतर अकरा वर्षं तो मांडीवर हात ठेवून गप्प बसला. घरी ती भांडी विसळताना गायची, तेव्हा वा म्हणायला कोणाची ना नव्हती. पण त्याची सवयच गेली होती.

गाणं सुरू झालं. सूर डोंगर चढले, उतरले. मग उसासा आला. अनिकाने श्वास तोडला. हॉल शिकवल्याप्रमाणे चिडीचूप.

“वा,” माईकमधून आवाज आला.

पाचही जण थांबले.

“काका,” अनिका म्हणाली, “यू जस्ट टोल्ड देम नॉट टू.”

“त्यांना सांगितलं,” पुरुषोत्तम म्हणाला. “माझं अकरा वर्षांचं राहिलं होतं. पहिल्यापासून घ्या. मी माईक बंद करतो.”

त्यांनी पहिल्यापासून घेतलं. पुन्हा उसासा आला. या वेळी पुरुषोत्तम गप्प होता, वा म्हणाला तो हॉल. आणि गाणारे थांबले नाहीत.