माझ्या पोटावरचं खोटं

मी तक्रारीचा डबा बोलतोय. लातुरातल्या या डाळ मिलमध्ये माझ्याइतका भरवशाचा गडी दुसरा नाही; पोटातलं ओठावर येऊ देत नाही. आता उगं फुशारकी कशाला? मला ओठच नाहीत, अन् पोटाची किल्ली मालकाच्या करदोट्याला!

जन्मानं मी गोडेतेलाचा पत्र्याचा डबा. रेणापूर नाक्यावरच्या मलप्पानं माझ्या डोक्यात चीर पाडली, कडी-कुलूप ठोकलं अन् पोटावर रंगवलं, 'मनातलं लिहा, नाव लिहू नका.' माझं शिक्षण तेवढ्या एका ओळीचं. तीही खोटी निघाली.

मालक रेवणसिद्धअप्पा. रोज सकाळी दारात उभे राहून गोड हसत विचारणार, "काही अडचण हाय का?"

"न्हाई जी!" बाया एका सुरात. अगं वेड्यांनो, मग घरी जाताना रस्ताभर कुणाचा उद्धार करता? पण त्यांचंही खरं. जी तोंडावर बोलली, ती दुसऱ्या दिवशी भुश्याच्या खोलीत, दिवसभर धूळ खात. म्हणून सहा महिने माझ्या पोटात काय? एसटीची तिकिटं, सुपारीची पुडी अन् एक पाल.

मग डाळ निवडायला सुकन्या आली. बारावी शिकलेली, घरात कमावणारी एकटी. तिनं पहिली चिठ्ठी टाकली, 'बायांच्या संडासाला दोन महिने कडी नाही. एक आत जाते, दुसरी दार धरून उभी राहते. कडी बसवा.'

मला रिकामटेकड्या डब्याला कडी-कुलूप, अन् बायांच्या दाराला काहीच नाही! लाज माझी मलाच वाटली.

अप्पांनी चिठ्ठी वाचली. कडी नाही आणली, कोरे कागद आणले. "सणाची मिठाई घरपोच देणार हाय. ज्यांना लिहाया येतं त्यांनी आपल्या हातानं नाव-पत्ता लिहा." बाया हरखल्या. मी आतून खडखडलो, लिहू नका गं! पत्र्याचं कोण ऐकतंय?

अप्पांनी कागदाशेजारी चिठ्ठी धरली, अक्षर जुळवलं. संध्याकाळी सुकन्याला निरोप गेला, "उद्यापासून येऊ नको."

शिव्या देणारा मालक परवडला. निदान कळतं तरी. हा हसून अडचण विचारतो अन् सांगणारीचा गळा धरतो. अन् त्याचा खबऱ्या कोण? मी! तुमच्या कचेरीत माझा कुणी भाऊबंद टांगलेला असेल, तर त्याच्या पोटावरचं वाचू नका. आधी किल्ली कुणाकडं हाय ते बघा. अन् जमलं तर मला खिळ्यावरून काढून भंगारात घाला. उपकार होतील.

आज सकाळी मात्र कुणी कामाला बसलेलं नाही. चाळीस बाया दारात उभ्या. पुढं सगळ्यांत जुनी कस्तुराबाई.

"अप्पा, सुकन्याला परत बोलवा, अन् संडासाला कडी लावा. मगच डाळीला हात लावू."

अप्पा हसतात, माझ्याकडं बोट करतात. "अगं कस्तुराबाई, गर्दी कशाला? डबा हाय की. लिहून टाका."

"मला लिहाया येत न्हाई, अप्पा, तोंडानं सांगते. त्या पोरीचं अक्षर तुमी वळखलं. आता आमी चाळीसजणी तुमच्या म्होरं बोलतोय. सांगा, कोणाकोणाला उद्यापासून येऊ नको म्हणता?"