साजूक तुपातलं रिव्हॉल्व्हर

न्यूझीलंडमधल्या क्राइस्टचर्चच्या एका कंपनीत पुलांचे आराखडे तपासणाऱ्या गुरुदत्तला पन्नाशी उलटल्यावर नेमबाजीचं वेड लागलं, आणि तेही साधंसुधं नाही. दीडशे वर्षांपूर्वीच्या रिव्हॉल्व्हरची हुबेहूब नक्कल त्याने रीतसर परवाने काढून घेतली. तिला काडतूस लागत नाही. सहा खान्यांत काळी दारू ओतायची, वर शिशाची गोळी ठासायची, एका खान्याची ठिणगी दुसऱ्यात शिरू नये म्हणून गोळीवर चरबीचं बोट फिरवायचं आणि मागे तांब्याची टिकली बसवायची. "म्हणजे दिवाळीतल्या टिकल्यांच्या पिस्तुलाची थोरली बहीण," त्याची बायको सुखदा म्हणाली. आईला मात्र त्याने फोनवर अभिमानाने सांगितलं, "हल्ली दर रविवारी दारू भरतो." आईने लगेच फोन सुखदाकडे द्यायला सांगितलं.

क्लबमध्ये सगळ्यांसाठी एक पत्र्याचा डबा असे. त्यात पिवळट, चिकट मलम. शिकताना गुरुदत्तने ते बिनतक्रार वापरलं. पण पहिली स्पर्धा जवळ आली तसं त्याच्या मनात सत्तावन्न सालचं बंड जागं झालं. त्या शिपायांनी काडतुसं नाकारली ती याच चरबीपायी! आपण त्यांचे वारस! ती गाईचीच चरबी हे त्याने मनाशी ठरवून टाकलं; कुणाला विचारलं नाही. क्लबमधला गोमांसाच्या खिम्याचा मिन्स पाय तो दर खेपेस मिटक्या मारत खायचा, ते या विचाराच्या कुठे आड आलं नाही.

स्पर्धेच्या सकाळी जुन्या काळचा कोट आणि रुंद काठाची हॅट घालून तो निघाला. खिशात साजूक तुपाची बाटली.

"तूप कशाला?" सुखदाने विचारलं.

"तत्त्वाचा प्रश्न आहे," तो म्हणाला.

त्या दिवशी नॉर्वेस्टर सुटला होता. ते गरम वारं अंगाला भाजत होतं. गुरुदत्तने तुपात हात आखडता घेतला नाही. गोळीच्या वर तर लावलंच, खालीही एकेक थर दिला. पाळी येईपर्यंत ते वितळून खाली दारूत मुरलं आणि वरून कोटाच्या बाहीवर ओघळलं.

"काय शिजतंय इथे? हेवन्ली वास आहे!" रेंजची प्रमुख मार्गारेट म्हणाली. जनावरांची निवृत्त डॉक्टर, सत्तरीची, आवाज मात्र खणखणीत.

गुरुदत्तने ऐकलं न ऐकलंसं केलं, नेम धरला आणि चाप ओढला. टिकली फुटली, 'फट्'. बस. ना धूर, ना धमाका.

"थांब! नळीचं तोंड समोरच ठेव, हलू नकोस," मार्गारेट ओरडली. सगळी रांग थांबली. टिकलीच्या तेवढ्या जोरावर गोळी सरकून नळीत अडकली होती. ती ठोकून काढेपर्यंत आणि तुपात भिजलेली दारू खरवडेपर्यंत दहा-बारा माणसं आपापल्या जुन्या काळच्या पोशाखात उन्हात घाम पुसत उभी होती.

"अरे, पण डबा होता ना?" मार्गारेटने विचारलं.

गुरुदत्तने घसा खाकरून गाय, धर्म आणि सत्तावन्न साल समजावलं. तिने शांतपणे ऐकून घेतलं.

"कुठली गाय? ते मलम मीच करते. मधमाश्यांचं मेण आणि ऑलिव्ह ऑइल. मी कित्येक वर्षांची शाकाहारी आहे, गुरू. मिन्स पाय तू खातोस."

मागच्या बाकावर, स्पर्धा बघायला आलेली सुखदा कानांवरचे मफ काढून पोट धरून हसत होती. गुरुदत्तचे कान तापले. मग चकचकीत बाहीकडे लक्ष गेलं आणि त्याला स्वतःलाच असं हसू फुटलं, की मार्गारेटने त्याच्या हातात पुन्हा रिव्हॉल्व्हर द्यायच्या आधी ते ओसरायची वाट पाहिली.

डब्यातलं मेण लावून त्याने पुन्हा सहा खाने भरले. या वेळी धमाका झाला, पांढरा धूर उसळला, पुढचं काही दिसेना. धूर विरल्यावर कळलं: दोन गोळ्या त्याच्या कागदाच्या कडेला, एक शेजाऱ्याच्या कागदाच्या मधोमध, बाकीच्यांचा पत्ता नाही. शेजाऱ्याने "चिअर्स, मेट," म्हणून आभार मानले. गुरुदत्त शेवटून पहिला आला.

पुढच्या शनिवारी मराठी मंडळाच्या जेवणात सुखदाने तोंड उघडायच्या आत त्याने सगळी हकिगत स्वतःच सांगून टाकली. थोडी वाढवूनच.