न मिळालेला डिसेंबर

माझ्या त्या मित्रानं, हातानाकानं, माझी अकरा वर्षं नासवली. तोही माझ्यासारखाच लाकडी ठशांच्या चित्रांमागे वेडा झालेला. एकदा छाती फुगवून म्हणाला, "त्सुरुमाकींच्या 'बारा महिने' मालिकेतला डिसेंबर मला मिळाला!" माझ्याकडे फक्त नोव्हेंबरपर्यंतची चित्रं होती. दाखव म्हटलं, तर म्हणे, "उजेडानं रंग उडतो रे."

तेव्हापासून मी टोकियोतली सगळी जुनी दुकानं पालथी घातली, क्योतोच्या लिलावांना जोडे झिजवले. शेवटी शेवटी तर दुकानदार मला लांबूनच बघून नकाराचा हात हलवायचे. यंदा नववर्षाच्या शुभेच्छापत्रात मी चिडून हातानाकाला ठोकून दिलं, "मलाही डिसेंबर मिळाला."

पण चैन पडेना. काल थेट नागानोला, ती चित्रं कोरणाऱ्या त्सुरुमाकींच्याच घरी जाऊन धडकलो. म्हातारा शेगडीपाशी पाय शेकत मुळ्याचं लोणचं खात बसला होता.

"डिसेंबर?" तो म्हणाला. "तो मी कोरलाच नाही. नोव्हेंबरच्या छपाईवरून प्रकाशकाशी वाजलं, आणि उरलेल्या कोऱ्या फळ्या मी चुलीत घातल्या. काय हो, चेहरा का उतरला?"

"पण तो हातानाका..."

"हातानाका? तो मागच्याच महिन्यात येऊन गेला. त्यालाही हेच सांगितलं, पण पठ्ठ्या ऐकेचना. उलट माझ्यावरच ओरडला, 'खोटं बोलू नका, माझ्या मित्राकडे आहे!'"