लाल कापडाखालची गाडी

लाल कापडाखाली लहान गाडी होती, आणि ते कापड ओढायला आप्पासाहेब उत्साहाने हात चोळत उभे होते. शेजारी नारळ आणि हळदकुंकू घेऊन त्यांची मुलगी नम्रता. तिचा नवरा आनंद मात्र सेल्समन कासिमभाईंच्या कानाशी पुटपुटत होता, "सासऱ्यांना अजून सांगितलेलं नाही हो."

कासिमभाईंना कपाळावर हात मारून घ्यावासा वाटला. कात्रजच्या या शोरूममध्ये त्यांचे केस पिकले होते, पण माणसांची ही तऱ्हा अजून पचनी पडत नव्हती. पगार वाढले की जो तो छताला काच आहे का विचारणार; गाडी पेट्रोल पिते की ढोसते, याची कुणाला पडलेली नसते. आणि कंपन्या माणसं कमी करायला लागल्या की तोच शहाणा किलोला किती देते म्हणून जीव खाणार. आनंदने दसऱ्याला थाटात मोठी गाडी बुक केली होती. त्याच्या टीममधली निम्मी माणसं घरी बसली, तेव्हा ती रद्द करून त्याने ही सीएनजीवाली घेतली. शहाणपणाच केला. पण बायको सोडून कुणाला सांगितलं नाही, आणि आप्पासाहेब भावकीत जावयाच्या मोठ्या गाडीची दवंडी पिटून आले होते.

त्यांनी कापड ओढलं. क्षणभर बघितलं. मग डिकी उघडली.

"इथे टाकी? सामान काय डोक्यावर घ्यायचं?" ते जावयाकडे वळले. "आनंदराव, काही अडचणीत आहात का?"

आनंद फरशीकडे बघू लागला. नम्रता नारळाची शेंडी चाचपू लागली. कासिमभाईंचा संताप झाला, आणि त्या संतापातच ते बोलून गेले.

"चूक माझी आहे. मोठी गाडी लवकर मिळत नव्हती, म्हणून मीच ही साहेबांच्या गळ्यात मारली."

"वा," आप्पासाहेब म्हणाले. "आम्हाला वाटलं इथे फक्त गाड्या मिळतात. इथे टोप्याही घालतात तर."

मग आप्पासाहेबांनी मॅनेजरला ऐकू जाईल अशा आवाजात त्यांची यथेच्छ हजेरी घेतली. कासिमभाईंनी ती निमूट ऐकून घेतली. राग त्यांना म्हाताऱ्याचा नव्हता, फरशीकडे बघत उभ्या असलेल्या त्या तरण्याताठ्याचा होता.

अखेर नारळ फुटला, चाकांखाली लिंबं गेली. पेढे शोरूमभर फिरले; कासिमभाईंपाशी येताच आप्पासाहेबांनी डबा बंद केला. किल्ली देताना फोटोत सेल्समनही असतो, पण त्यांना खुणेनेच बाजूला करण्यात आलं. फोटो काढायला मात्र दुसरं कुणी मोकळं नव्हतं. कासिमभाईंनीच मोबाईल हातात घेतला.

तिघे गाडीपुढे उभे राहिले. आनंदची नजर खालीच.

"साहेब," कासिमभाई म्हणाले, "मान वर करा."