बंदुकीची बदनामी

वडिलांमागे शिकारीची जुनी रायफल उरली. दोघा भावांत ठरलं, ज्याला ती हवी त्याने दुसऱ्याला अर्धी किंमत द्यायची. हवी दोघांनाही होती, म्हणून आत्याला साक्षीला घेऊन बंदुकवाल्याकडे किंमत काढायला गेलेले दोघेही ती पाडायलाच बसले.

"नळी वाकडी आहे," थोरला म्हणाला. "बाबांनी रानडुकरावर नेम धरला, तर गोळी आमच्याच तंबूला लागली."

"चापही अडकतो," धाकट्याने री ओढली. "शेवटी डुक्कर कंटाळून निघून गेलं."

बंदुकवाल्याने नळीला डोळा लावला. "मला तर सरळ दिसते."

"गोळी सुटताना वाकते," थोरला म्हणाला.

बंदुकवाल्याने हात टेकले. "मग भंगाराचा भाव धरा."

दोघांचे चेहरे उजळले. तेवढ्यात आत्याने पर्स उघडली. "असली घातकी वस्तू माझ्या भाच्यांच्या घरात नको. मीच घेते, पैसे दोघे वाटून घ्या. परवाना गेल्याच महिन्यात काढलाय."

दोघांनी रायफल उचलून आत्याच्या गाडीत नेली. ती ठेवण्याआधी थोरल्याने सीटवर स्वतःचा नवा कोट अंथरला.