वाटीतला काळा रंग

महिन्याभरापूर्वी बाबांना खाटेवरून उठायला एक हाक पुरायची. आता आई त्यांच्या काखांत हात घालून ओढते, आणि ओढताना बोलते.

"मनच नाही तुमचं उठाचं. डॉक्टरनं गोळी वाढवली, तरी पडून राहाता."

"पाय आयकत नाही," बाबा म्हणाले.

"पायाले कान हायेत का आयकाले?"

मी अर्जुनीला बारावीला रसायनशास्त्र शिकवते आणि शनिवारच्या बसने केशोरीला घरी येते. बाबांना कंपवात होऊन चार वर्षं झाली. गोळीच्या जोरावर ते तलावाच्या पाळीवर चालत जायचे. धानाच्या कुठल्या बांधीत पाणी कधी सोडायचं, हे गावात तेच सांगत. सोमवारी नागपूरला डॉक्टरांकडे जायचं होतं. डॉक्टर फोनवर म्हणाले होते, वाढवलेल्या गोळीनेही गुण नसेल तर हा आजार वेगळा, औषधाला दाद न देणारा असू शकतो. तसं असेल तर पुढे खाटच.

रविवारी सकाळी चुलीशेजारी वाटीत काळपट पाणी दिसलं.

"आई, हे काय?"

"तुह्या बाबाच्या गोळ्या. गिळता येत नाही त्याइले, म्हणून कुटून भिजू घालते. आंघोळ होयेपर्यंत विरघळते."

"कोणत्या गोळ्या?"

"मेंदूची अन् रक्ताची. तूच तं सांगतलं, सकाळी दोन्ही दे म्हणून."

रक्ताची म्हणजे लोहाची. हिमोग्लोबिन आठ आलं तेव्हा मीच आणून दिली होती. महिना झाला.

मेंदूच्या गोळीतल्या द्रव्याचं पुढे मेंदूत डोपामाइन होतं, ज्याच्यावर हालचाल चालते. त्या द्रव्यात आणि डोपामाइनमध्येही हायड्रॉक्सिलची एक जोडी शेजारीशेजारी असते. लोह त्या जोडीला धरून बसतं, मग औषध आतड्यातून रक्तात नीट जात नाही. हवा लागली की ऑक्सिडीकरण होऊन रंग गडद होतो. मेंदूच्या तळाशीही असंच काहीसं वर्षानुवर्षं चालतं: डोपामाइनच्या ऑक्सिडीकरणातून काळं रंगद्रव्य बनतं आणि ते लोहाला बांधून ठेवतं. बाबांच्या आजारात त्या काळ्या पेशीच मरतात, आणि मोकळं झालेलं लोह उरलेल्यांना जाळत जातं. अशाच हायड्रॉक्सिलचा फेरिक क्लोराइडमधल्या लोहाने बदलणारा रंग मी दरवर्षी मुलांना दाखवते. घरी मात्र दोन पाकिटं एकत्र देऊन बसमध्ये बसले होते.

"ओतून टाक ते."

"काऊन?"

"चूक माझी आहे. दोन्हींत काही तासांचं अंतर ठेवायचं असतं. लोहानं ती गोळी अडवून धरली. महिनाभर बाबांना औषध पुरतं मिळालंच नाही."

आईने वाटी मोरीत ओतली. "अन् मी रोज त्याइले बोलून राहिली."

मी डॉक्टरांना फोन केला. नागपूरचं जाणं पुढे ढकललं. गोळी वाढवण्याआधी होती तितकीच, लोह दुपारी. कॉलेजात रजा कळवली. तीन दिवस मी घड्याळ बघून गोळी देत होते आणि बाकी वेळ नुसती बसून होते. आजार वेगळा नसावा म्हणून आनंद व्हायला हवा होता, पण त्यासाठीही अंगात काही उरलं नव्हतं. मेलेल्या पेशी परत येणार नाहीत, हे मला ठाऊक होतं.

बुधवारी सकाळी बाबांनी पडवीतला खांब धरला. दोनदा बसले. तिसऱ्यांदा उभे राहिले. आई दोन्ही हात पुढे करून उभी होती, पण तिने ते लावले नाहीत.

"म्हणजे मी आळशी नोहतो," बाबा म्हणाले.

"नोहते," आई म्हणाली, आणि बराच वेळ तिने हात तसेच ठेवले.