शिंपीणकाकूंचं वाण

बाईंनी तिन्ही टोमॅटो उभे चिरले आणि पांढऱ्या बशीत शेजारी शेजारी ठेवले. तिन्ही लांबट, जाड गराचे, पाणी कमी, शिजवून आटवायला उत्तम. गावोगावची जुनी वाणं जपणाऱ्या बाईंच्या बियाणेघरात ते तीन गावांतून तीन नावांनी आले होते, पण एकाला झाकावं नि दुसऱ्याला काढावं इतके सारखे.

मूळ शोधता शोधता तीन आठवडे फोन झाले. एक टोमॅटो मास्तरांनी पाठवलेला, एक नर्सने, एक पोस्टमनने. बी कुणी दिलं म्हणून विचारलं, तर तिघांचं उत्तर एकच, शिंपीकाकांनी. बायकोची आठवण म्हणून ते येईल त्याच्या हातावर चिमूटभर ठेवत. काकांना ते कुणी दिलं, हे मात्र विचारायची गरज नव्हती. काकांकडे ते बी ज्या पाकिटातून गेलं, त्यावरचं अक्षर बाईंचं स्वतःचं होतं.

बारा वर्षांपूर्वी शिंपीणकाकू गेल्या, तेव्हा काकांनी त्यांच्या हातचं अर्धं बी इथे आणून दिलं होतं. वाढवून द्या म्हणाले होते. हवा दमट होती, बाईंना घाई होती. त्यांनी ते हीटरवर सुकत ठेवलं आणि विसरल्या. साठातलं एकही उगवलं नाही. मग त्यांनी फळीवरचं, दिसायला तसंच असलेलं बाजारी वाण वाढवलं आणि काकूंच्या नावाच्या पाकिटात भरलं. झाकली मूठ बारा वर्षं झाकलेली राहिली. आज त्यांना लाज वाटत होती, आणि लाजेपेक्षा भीती जास्त.

आशा एकच होती. उरलेलं अर्धं बी काकांच्या बटणांच्या डब्यात होतं. जुनं असलं तरी शंभरातली दोन-चार उगवतील. ते हाती आलं की सगळं कबूल करायचं, असं ठरवून त्यांनी काकांना बोलावलं होतं.

काका आले, खुर्चीत टेकले आणि न विचारताच एक फोड तोंडात टाकली.

"तीच चव! आमच्या पोरी म्हणतात, आई पंगतीला आल्यासारखी वाटते."

बाईंनी बशी थोडी बाजूला सरकवली.

"काका, तुमच्या बटणांच्या डब्यात काकूंचं थोडं बी होतं ना?"

"ती पुडी? तुमचं पाकीट आलं, त्याच दिवशी शेगडीत टाकली."

"शेगडीत?"

"मग काय! जुनं बी चुकून यात मिसळलं असतं तर? तुम्हीच लिहिलं होतंत की पाकिटावर, शुद्ध वाण, भेसळ टाळा."

बोलता बोलता ते बशीतलं बी बोटाने निपटून रुमालावर घेत होते. एकही सांडू देत नव्हते.

"काका," बाई म्हणाल्या, "जरा बसा."

काका हसले.

"अहो, मघापासून बसलोच आहे की."